२७ शब्द आणि जुन्या नोंदी

दर रविवारी सकाळी अमेरिकेतल्या मामेबहिणीशी व्हिडिओ कॉल असतो. आमची सकाळ, त्यांची शनिवारची रात्र. भाची दुसरीत आहे. काही दिवसांपूर्वी ती कॅमेऱ्यात नाक खुपसून सांगत होती, "मामा, काल शाळेत आम्ही लपालपी खेळलो. दिवे बंद, दाराला कुलूप, सगळ्यांनी भिंतीपाशी बसायचं आणि अज्जिबात आवाज करायचा नाही. मी शिंकसुद्धा दाबली!" मी म्हटलं, "अरे वा!" मागे बहीण काहीच बोलली नाही. पोरगी खेळायला पळाल्यावर तिने हळूच सांगितलं, "लॉकडाउन ड्रिल होती ती. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्याची."

मग प्रत्येक भारतीय माणूस विचारतो तो प्रश्न मीही विचारला. "भावोजी, तुमच्याकडे सरळ बंदी का नाही घालत?"

भावोजी म्हणाले, "घातली तरी कोर्टात टिकायला हवी ना रे."

कोर्टात टिकायला हवी म्हणजे नक्की कशावर? हा किडा डोक्यात शिरला आणि पुढचे तीन शनिवार-रविवार मी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचण्यात घालवले. (आमच्या सौ.च्या मते याला रिकामपणा म्हणतात.) मी वकील नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण कोड लिहिणाऱ्याला एक सवय असते: भांडण झालं की मूळ स्पेक उघडून बघायचा. तर आजचा लेख त्या स्पेकबद्दल आणि तो वाचणाऱ्यांबद्दल.

मूळ स्पेक अगदीच छोटा आहे. अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती, १७९१ साली मंजूर झालेली, इंग्रजीत फक्त २७ शब्द. मराठीत साधारण असं म्हणता येईल: सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यामुळे, लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या आणि वाहण्याच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही.

मिलिशिया म्हणजे गावोगावच्या सामान्य नागरिकांची फौज. पगारी सैन्य नव्हे. वेळ आली की घरची बंदूक खांद्याला लावून हजर होणारी माणसं. त्या काळी लोकांना केंद्राच्या खड्या सैन्याची भीती वाटत होती, म्हणून हे कलम आलं, इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद पुढे आहे. वाक्याला दोन भाग आहेत. पहिला भाग कारण सांगतो, दुसरा हक्क सांगतो. आता पहिला भाग ही दुसऱ्यावरची अट आहे, की नुसती कॉमेंट? म्हणजे हक्क मिलिशियापुरता आहे, की मिलिशिया असो नसो, प्रत्येक माणसाचा आहे?

गंमत म्हणजे यात स्वल्पविरामांचंही भांडण आहे. काँग्रेसने मंजूर केलेल्या प्रतीत इंग्रजी वाक्यात तीन स्वल्पविराम आहेत, तर काही राज्यांनी मंजूर केलेल्या प्रतीत एकच. २००७ साली वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तर दुसऱ्या स्वल्पविरामाचा आधार घेऊन सांगितलं की वाक्याचे दोन भाग वेगळे आहेत. एका सेमीकोलनसाठी रात्रभर जागलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण तरीही मी दोनदा वाचलं.

असो. गोष्टीची सुरुवात मात्र स्वल्पविरामापासून होत नाही. ती होते लुइझियानामधल्या कोलफॅक्स नावाच्या एका खेड्यात.

१३ एप्रिल १८७३. ईस्टरचा रविवार. यादवी युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, गुलामगिरी गेली होती, कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला होता. वादग्रस्त निवडणुकीनंतर तिथल्या कृष्णवर्णीय माणसांनी कोर्टाची इमारत ताब्यात ठेवली होती. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तिच्यावर हल्ला केला. डझनांनी माणसं मेली, त्यातली बरीच शरण आल्यानंतर मारली गेली. केंद्र सरकारने खटले भरले, मोजक्या लोकांना शिक्षा झाली, आणि १८७६ मध्ये 'क्रुइकशँक' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षाही रद्द केल्या. आरोपांमध्ये एक आरोप असा होता की या लोकांनी कृष्णवर्णीयांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क हिरावून घेतला. न्यायालयाने उत्तर दिलं की दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राच्या काँग्रेसला बांधते. शेजाऱ्याने तुमची बंदूक काढून घेतली तर त्याच्याशी तिचा संबंध नाही.

म्हणजे हा हक्क पहिल्यांदा न्यायालयासमोर गंभीरपणे आला तो ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज होती त्यांच्यासाठी, आणि त्यांनाच तो मिळाला नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

यानंतर बराच काळ शांतता. मग आली दारूबंदी, टोळीयुद्धं, टॉमीगन घेऊन फिरणारे गुंड. १९३४ साली काँग्रेसने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुका यांची नोंदणी करायची आणि दर हस्तांतरणाला २०० डॉलर कर भरायचा. १९३४ सालचे २०० डॉलर! बंदूक राहिली बाजूला, कर भरता भरता माणूस भिकेला लागायचा. आणि उद्देश तोच होता.

१९३८ साली जॅक मिलर आणि फ्रँक लेटन हे दोघे ओक्लाहोमातून आर्कान्सामध्ये गाडीने जाताना पकडले गेले. जवळ एक शॉटगन, नळी १८ इंचांपेक्षा आखूड केलेली, नोंदणी नाही. खालच्या न्यायाधीशाने कायदाच दुसऱ्या दुरुस्तीच्या विरोधात असल्याचं सांगून आरोप रद्द केले. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि इथे जो प्रकार झाला तो आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी होतो तसला आहे: दुसऱ्या बाजूने कुणी आलंच नाही. अशिलांकडून पैसे मिळाले नाहीत म्हणून मिलरच्या वकिलाने ना लेखी बाजू मांडली, ना तो हजर राहिला. मार्च १९३९ मध्ये सुनावणी झाली ती एकट्या सरकारची. एप्रिलमध्ये मिलर गोळ्या लागून मेलेला सापडला. मे महिन्यात निकाल लागला.

निकाल छोटा आहे, न्यायमूर्ती मॅकरेनल्ड्स यांनी लिहिलेला. आखूड नळीच्या शॉटगनचा सुव्यवस्थित मिलिशियाशी काही वाजवी संबंध असल्याचा पुरावा आमच्यासमोर नाही, त्यामुळे असं हत्यार बाळगण्याचा हक्क घटना देते असं आम्ही म्हणू शकत नाही. पुरावा नाही! अहो, पुरावा कोण देणार? आरोपी मेलेला, वकील घरी. पण या एका निकालाच्या आधारावर पुढची जवळजवळ ६० वर्षं खालच्या कोर्टांनी एकच वाट धरली: मिलिशियाशी संबंध दाखवा, नाहीतर हक्क विसरा. ही समजूत इतकी पक्की होती की निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, तेही निक्सनने नेमलेले सनातनी वळणाचे गृहस्थ, १९९१ साली टीव्हीवर सांगितलं की दुसऱ्या दुरुस्तीच्या नावाखाली व्यक्तीच्या हक्काचा प्रचार करणं ही जनतेची मोठी फसवणूक आहे.

पण तोपर्यंत वारं फिरायला लागलं होतं. १९७७ साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत नॅशनल रायफल असोसिएशनची सूत्रं कडव्या गटाने हातात घेतली आणि नेमबाजांच्या या संघटनेचा राजकीय आखाडा झाला. त्याच सुमारास कायद्याच्या नियतकालिकांत 'हा हक्क व्यक्तीचाच' असं सांगणारे लेख वाढू लागले. २००१ साली टेक्सासच्या एका डॉक्टरच्या खटल्यात पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने हे मान्यच करून टाकलं. हा 'इमर्सन' खटला. त्या डॉक्टरवर बायकोच्या अर्जावरून कोर्टाचा मनाई हुकूम होता, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा हुकूम असलेल्याने बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. कोर्ट म्हणालं, हक्क व्यक्तीचा आहे खरा, पण हा निर्बंध वाजवी आहे. कायदा टिकला. हाही खटला लक्षात ठेवा. (आज गृहपाठ जरा जास्त आहे, माफ करा.)

मग २००८. वॉशिंग्टन शहरात १९७५ च्या कायद्याने घरात पिस्तूल ठेवायला जवळजवळ पूर्ण बंदी होती, आणि रायफल-शॉटगन ठेवायची तर सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून. डिक हेलर हे तिथले सुरक्षारक्षक. दिवसभर सरकारी इमारतीवर पहारा देताना कमरेला पिस्तूल, संध्याकाळी घरी जाताना ते जमा करायचं. घरात ठेवायची परवानगी मागितली, नाकारली गेली. २६ जून २००८ ला पाच विरुद्ध चार मतांनी हेलर जिंकले.

न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला. वाक्याचा पहिला भाग प्रस्तावना आहे. तो हेतू सांगतो, पण हक्काला मर्यादा घालत नाही. आपल्या भाषेत, ती कॉमेंट आहे, कंपायलरने तिच्याकडे बघायचं नाही. (बरं, अगदीच बघायचं नाही असं नाही; अर्थ अडला तर बघायचं.) 'शस्त्रं बाळगणे', 'शस्त्रं वाहणे' यांचा १७९१ मधला अर्थ काढायला त्यांनी अठराव्या शतकातले शब्दकोश धुंडाळले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात तेवढ्याच तयारीने सांगितलं की 'बेअर आर्म्स' हा तेव्हाचा लष्करी वाक्प्रचार होता. न्यायमूर्ती ब्रायर यांनी १७८३ चा बॉस्टनचा कायदा काढला, ज्यात भरलेली बंदूक घरात ठेवायलाच मनाई होती. स्कालिया म्हणाले, तो आगीच्या भीतीने केलेला कायदा, इथे लागू नाही.

इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. शब्दकोश कशाला, सरळ ग्रेप मारा की! तर तेही झालं आहे. हेलरनंतर दहा वर्षांनी त्या काळातल्या हजारो कागदपत्रांचे शोधता येणारे संग्रह तयार झाले, आणि भाषातज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा 'बेअर आर्म्स'चे बहुतेक सगळे वापर लष्करी निघाले. 'कीप आर्म्स'चं चित्र मात्र तितकं सरळ नाही. म्हणजे पुन्हा दोन्ही बाजूंना हातात धरायला काहीतरी मिळालंच.

त्याच निकालात स्कालिया यांनी एक यादीही देऊन ठेवली: गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्यावरची जुनी बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागा, विक्रीच्या अटी, यांना या निकालाने धक्का लागत नाही. का लागत नाही, ते फारसं सांगितलं नाही. पुढची सगळी मारामारी या 'का'वर झाली.

दोन वर्षांनी, २८ जून २०१० ला, 'मॅकडॉनल्ड' खटल्यात हाच हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक ठरला. इथे मी थोडा थांबलो, कारण ओटिस मॅकडॉनल्ड हा माणूस माझ्या डोक्यातल्या बंदूकवाल्याच्या चित्रात बसत नव्हता. सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय आजोबा, शिकागो विद्यापीठात देखभालीचं काम करून निवृत्त झालेले. घरात अनेकदा चोऱ्या झालेल्या, वस्तीत टोळ्यांचा त्रास. शिकागोत १९८२ पासून नव्या पिस्तुलांची नोंदणी बंद, म्हणजे व्यवहारात बंदीच. त्यांना घरात एक पिस्तूल हवं होतं. आणि ते मूळचे कुठले? लुइझियानाचे. कोलफॅक्सच्या त्या लुइझियानाचे. न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र मतात कोलफॅक्सच्या कत्तलीची आणि क्रुइकशँक निकालाची कहाणी सविस्तर लिहिली: दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांची शस्त्रं आधी काढून घेतली गेली आणि मग त्यांना मारलं गेलं. हे वाचल्यावर 'बंदुका म्हणजे वेडेपणा, सोडून द्या' असं मला सहज म्हणता येईना. पोलीस ज्यांच्या बाजूने कधीच उभे राहिले नाहीत, त्यांना 'पोलिसांवर भरवसा ठेवा' हे सांगणार कोण?

हेलरनंतरची १४ वर्षं खालची कोर्टं एक दोन पायऱ्यांची पद्धत वापरत होती. आधी बघायचं, हा निर्बंध हक्काच्या हद्दीत येतो का? येत असेल तर तोलायचं: सरकारचा हेतू किती महत्त्वाचा आणि निर्बंध त्याला किती जुळणारा. बहुतेक कायदे यात टिकत होते.

२३ जून २०२२ ला 'ब्रुएन' खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ही दुसरी पायरीच काढून टाकली गेली. खटला न्यूयॉर्कच्या शंभराहून जास्त वर्षं जुन्या परवाना कायद्याचा होता. पिस्तूल बाहेर घेऊन फिरायचं तर 'योग्य कारण' दाखवावं लागे, आणि नुसतं 'स्वसंरक्षण' हे कारण चालत नसे. थॉमस यांनी कायदा रद्द केला आणि नवी कसोटी दिली. आजच्या फायद्यातोट्याचा हिशेब करायचा नाही. कायदा टिकवायचा असेल तर तो देशाच्या बंदूक-नियमनाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवायचं. हुबेहूब जुळा भाऊ नको, पण शोभेलसा पूर्वज हवा. हा निकाल आला तेव्हा युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्याला एकच महिना झाला होता. पण नव्या कसोटीत ती संख्या कुठल्या रकान्यात भरायची? तसा रकानाच नाही.

आता गाडी खरी घसरली ती इथे. खालच्या कोर्टांतल्या न्यायाधीशांना एकदम इतिहासकार व्हावं लागलं. मिसिसिपीतले न्यायाधीश कार्लटन रीव्ह्ज यांनी तर एका खटल्यात वकिलांनाच विचारलं, मी एखादा इतिहासतज्ज्ञ नेमू का? १७९१ मधल्या श्रीमंत गोऱ्या पुरुषांना बंदुकांबद्दल काय वाटत होतं यातले आम्ही तज्ज्ञ नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ड्यूक विद्यापीठाने जुन्या बंदूक-कायद्यांचा एक ऑनलाइन संग्रह ठेवला आहे. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. आपल्या इनामाच्या सनदा चाळाव्यात तसं वाटतं. आणि काय सापडतं? दारूगोळा साठवण्याचे नियम, जत्रेत हत्यार न आणण्याचे नियम, आणि मोठ्या संख्येने अमुक लोकांना शस्त्र देऊ नये असे नियम. अमुक म्हणजे गुलाम, मुक्त कृष्णवर्णीय, मूळनिवासी. आजचा एखादा सरळसाधा कायदा वाचवायला सरकारी वकिलांना या लाजिरवाण्या कायद्यांचा आधार घ्यायची वेळ आली. त्यांनी तो घेतलाही.

आणि मग आला रहिमी. झॅकी रहिमी, टेक्सास. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने मैत्रिणीला मारहाण केली. कुणीतरी बघतंय हे लक्षात आल्यावर गोळी झाडली. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने तिच्या बाजूने दोन वर्षांचा मनाई हुकूम दिला. त्यानंतर हा इसम वेगवेगळ्या ठिकाणी गोळीबार करत फिरला. एकदा तर मित्राचं क्रेडिट कार्ड चाललं नाही म्हणून हॉटेलबाहेर हवेत गोळ्या झाडल्या. झडतीत बंदुका सापडल्या. गुन्हा कुठल्या कायद्याखाली? १९९४ च्या त्याच कायद्याखाली, जो २००१ मध्ये इमर्सन खटल्यात टिकला होता.

२०२३ मध्ये त्याच पाचव्या सर्किटने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. तेच कोर्ट, तोच कायदा, त्याच प्रकारचा मनाई हुकूम, आणि २२ वर्षांनी उलटा निकाल. इनपुट बदललं नाही, फंक्शन बदललं. कोर्टाने ब्रुएनची कसोटी प्रामाणिकपणे चालवली: १७९१ च्या आसपास बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा दाखवा. तसा कायदा नव्हता. म्हणून पूर्वज नाही. म्हणून आजचाही कायदा रद्द.

यापाशी मी बराच वेळ अडकलो होतो. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की सगळे लॉग उघडतात. नवीन पोरगा सांगतो, "सर, लॉगमध्ये एरर नाही, म्हणजे इथे काही झालेलंच नाही." त्याला मग समजवावं लागतं, बाबा रे, लॉगमध्ये एन्ट्री नाही याचे दोन अर्थ होतात. एक, घटना घडली नाही. दोन, त्या मॉड्यूलला लॉग लिहायची परवानगीच नव्हती. १७९१ मध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्यापासून वेगळं असं कायदेशीर अस्तित्वच जवळजवळ नव्हतं. मत नव्हतं, देशभरात तो हक्क १९२० मध्ये आला. कायदे करणाऱ्या सभेत ती नव्हती, ज्यूरीत नव्हती. मग तिच्या बचावासाठी कायदा नव्हता याचा अर्थ काय काढायचा? मारणाऱ्याला बंदुकीचा हक्क असावा असं समाजाने विचार करून ठरवलं होतं, की तिचं ऐकायलाच कुणी नव्हतं? नोंदी दोन्ही बाबतींत सारख्याच दिसतात: कोऱ्या.

आणि हे फक्त एका बाजूचं नाही. कोलफॅक्सच्या मेलेल्यांचा हक्कही नोंदीत आला नाही. मिलरच्या खटल्यात 'पुरावा नाही' म्हणताना पुरावा देणारं कुणी खोलीतच नव्हतं. इतिहासाला कौल लावताना कोऱ्या पानाला 'नाही' समजायचं की 'माहीत नाही', हे इतिहास सांगत नाही. ते न्यायाधीश ठरवतो.

२१ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रहिमीचा निकाल दिला. आठ विरुद्ध एक. कायदा वाचला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की ब्रुएनचा अर्थ काही कोर्टांनी चुकीचा घेतला. आपला कायदा म्हणजे राळेत अडकून दगड झालेला किडा नव्हे. हुबेहूब जुना कायदा शोधायचा नाही, जुन्या कायद्यांमागचं तत्त्व शोधायचं. मग त्यांनी दोन जुन्या प्रथा जोडल्या. एक, ज्याच्याकडून धोका वाटतो त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यायचा (आपल्याकडे पोलीस 'चॅप्टर केस' करतात ना, साधारण तसं). हा जामीन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याकडूनही घेता येत असे. दुसरी, शस्त्र मिरवून लोकांना घाबरवणाऱ्याला शिक्षा. दोन्ही मिळून तत्त्व असं: दुसऱ्याच्या जिवाला स्पष्ट धोका असलेल्या माणसाकडून शस्त्र काढून घेता येतं.

विरोधात एकटे कोण? ब्रुएन लिहिणारे थॉमस. त्यांचं म्हणणं, जामीन भरला की माणूस बंदूक ठेवू शकत होता, मग हा पूर्वज कसा? त्यांच्या कसोटीच्या अक्षराला धरून बघितलं तर मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. आणि नेमकी तीच त्या कसोटीची अडचण आहे. पूर्वज किती जवळून बघायचा, यावर उत्तर ठरतं. भिंग जवळ धरलं तर कुणीच कुणासारखं दिसत नाही, लांब धरलं तर सगळेच एका गोत्राचे. भिंग किती अंतरावर धरायचं ते २७ शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही.

जाता जाता आपल्याकडचं. आपल्या घटनेत हा हक्क नाही, पण तो येता येता राहिला हे मला या वाचनातच कळलं. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, युरोपियनांना मात्र सूट. त्याची चीड इतकी होती की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. अहिंसेच्या ऐन भरात! डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की परिस्थिती आता बदलली आहे, आणि असा हक्क दिला तर अट्टल गुन्हेगारही तो मागेल. दुरुस्ती फेटाळली गेली. उलट आपल्या कलम १९ मध्ये शांततेने 'आणि विनाशस्त्र' जमण्याचा हक्क आहे. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना कुणाला द्यायचा हे सरकार ठरवतं, आणि नियम चुकला असं वाटलं तर संसद बदलू शकते. १७९१ चे शब्दकोश उघडावे लागत नाहीत. आपल्याकडे बेकायदा कट्टे नाहीत असा याचा अर्थ नाही. पण त्यावर काय करायचं हे ठरवायला आजचे आकडे बघायची मुभा आहे.

आंबेडकरांनी जो प्रश्न एका उत्तरात निकाली काढला, हक्क दिला तर धोकादायक माणसालाही द्यावा लागेल त्याचं काय, तोच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये जामीनकतब्यांच्या बाडात शोधावा लागला. सापडला म्हणून त्या बाईचं संरक्षण टिकलं. पुढच्या खटल्यात असा कागद सापडेलच असं नाही.

गेल्या रविवारी हे सगळं मी भावोजींना उत्साहाने सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पुढचा खटला काय लागेल?" मी म्हटलं, "भिंग कुठे धरतात त्यावर." तेवढ्यात भाची आली. "मामा, परवा परत ती लपालपी झाली. या वेळी मी हसले पण नाही." मी म्हटलं, "शाब्बास." दुसरं काय म्हणणार?

असो, फार लांबलं. उद्या सोमवार, आणि शुक्रवारचा तो बग अजून तसाच आहे. लॉगमध्ये काहीच दिसत नाहीये.